शॉटच्या आधीचं सांगणं

कोल्हापुरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही बाईंबद्दल विचारा, तो आधी त्यांच्या पडद्यावरच्या रडण्याबद्दल बोलेल. हातात तार, पाठ दाराच्या चौकटीला, आणि चौकटीवरून घसरत खाली बसणारी एकोणीस वर्षांची मुलगी. "काय रडली होती राव!" एवढं म्हणून तो गप्प होईल, जणू त्याच्याच घरातलं कुणी गेलंय. बाईंनी पुढं तीन सिनेमे स्वतः दिग्दर्शित केले, हे त्याला माहीत नसतं. माहीत असलं तरी तो ते उठता उठता सांगतो. तीन अख्खे सिनेमे! आणि लक्षात काय, तर रडणं.

मी या गोष्टीवर वर्षभर चिडून होते. आता चिडायचा माझा हक्क थोडा कमी झालाय. का, ते सांगण्यासाठीच हे लिहितेय.

मी पत्रकं लिहिते. कॉलेज संपल्यावर चंदगड भागातल्या काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत गेले, आणि पहिल्याच आठवड्यात पत्रकाचं काम गळ्यात पडलं. एका पानात बसलं पाहिजे. पहिल्या ओळीत माणूस दिसला पाहिजे, शेवटच्या ओळीत मागणी. हे मला कार्यालयातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी शिकवलं. आणखी एक गोष्ट कुणी शिकवली नाही, ती माझी मी शिकले. तिघींची गाऱ्हाणी एकीच्या अंगावर घातली की पत्रक चढतं. एकीचा अंगठा भाजलेला, दुसरीला बाळंतपणात कामावरून काढलेलं, तिसरीला मुकादमानं शिवी दिलेली. तिन्ही खरं. मग सगळं एकाच बाईला झालं असं लिहिलं तर काय बिघडलं? मला तेव्हा त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

काजूची बी फोडताना टरफलातून तेल येतं. ते कातडी जाळतं. बायका हाताला राख चोळतात, एरंडेल लावतात, तरी बोटं काळी पडतात आणि सालपटं निघतात. हातमोजे द्या, एवढीच आमची मागणी होती. पत्रकं वाटून झाली, निवेदनं देऊन झाली, फोटो काढून झाले. मग बैठकीत कुणीतरी म्हणालं, एक छोटा सिनेमा करू. मी म्हणाले, बाईंना विचारते.

बाई शिवाजी पेठेत राहतात. खाली तालमींच्या फुटबॉल संघांचे शर्ट शिवणाऱ्या टेलरचं दुकान, वर दोन खोल्या. मी गेले तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. वय सत्तरीच्या पुढं, पाठ ताठ. मी बसले आणि प्रत्येक कोल्हापूरकर पहिलं जे बोलतो तेच बोलले.

"तुमचा तो तारेचा सीन..."

"पोहे खाणार का?" त्यांनी मध्येच विचारलं.

"नको, म्हणजे तो सीन मी मोबाईलवर किती वेळा..."

"मग चहा घे. आणि ते रडं माझ्यापुढं काढू नको."

पेठेतल्या पुष्कळ बायकांसारख्या बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. त्या दिवशी, सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत, त्यांनी मला ती तार सांगितली.

"वडील स्टुडिओत सुतार. सेट उभे करायचे. मी डबा घेऊन जायचो. एकदा नाचात एक पोरगी कमी पडली, मला उभं केलं. दोन वर्षांत मी हिरोची बहीण झालो. म्हणजे रडायचं. भाऊ तुरुंगात गेला, रड. भाऊ सुटून आला, रड. ग्लिसरीन घालून घालून डोळे सुजायचे."

तारेच्या शॉटला मात्र ग्लिसरीन चालेना. दिग्दर्शकांना खरं रडणं पाहिजे होतं. सकाळपासून नऊ-दहा वेळा शॉट झाला. मग त्यांनी जेवणाची सुट्टी दिली आणि केस करणाऱ्या बाईला बाजूला बोलावलं. तिला सगळे मावशी म्हणत. बाईंचे केस पहिल्या दिवसापासून तीच विंचरायची, स्वतःच्या डब्यातलं धपाटं त्यांना भरवायची. बाईंची आई तेव्हा आजारी होती, माहेरी गडमुडशिंगीला होती. मावशी परत आली ती डोळे पुसतच. म्हणाली, "बाळ, मुडशिंगीहून माणूस आला होता. तुझी आई गेली."

शॉटमधली तार हातात तशीच घेऊन बाई उठल्या आणि दाराकडं धावल्या. ते सेटचं दार होतं. पलीकडं कॅमेरा तयार होता. पाय चौकटीपर्यंतच चालले.

"कट म्हटल्यावर टाळ्या," बाई म्हणाल्या. "दिग्दर्शक आले, डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, आई ठणठणीत हाय गं तुझी. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. पेढे वाटले."

"आणि मावशी?"

"ती पण हसत होती की. रडत रडत हसत होती. तिला वाटलं, माझं भलं केलं."

आयुष्य वाढतं, हे खरं झालं म्हणा. आई पुढं तेवीस वर्षं जगली. ती गेली तेव्हा घरातलं सगळं बाईंनीच केलं, आणि त्यांना रडू आलं नाही. बाराव्यापर्यंत आलं नाही, नंतरही नाही. भावकीतल्या बायका कुजबुजल्या, पडद्यावर लई येतंय, घरात न्हाय.

"माझं आईसाठीचं रडं त्या रिळात हाय," बाई म्हणाल्या. "लोकांनी तिकीट काढून बघितलं. माझ्या वाट्याला उरलं न्हाय."

मी घरी आले आणि एका बैठकीत बाईंच्या त्या तारेवर पत्रक लिहून काढलं. चार दिवसांनी बाईंना वाचून दाखवलं. बातमी दिग्दर्शकानंच दिली असं मी त्यात लिहिलं होतं. चटका बसायला पाहिजे ना. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मावशी कुठं गेली ह्यातली?"

"ती घातली की गोष्ट पातळ होते, बाई."

"अगं, तीच तर गोष्ट हाय," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. मला वाटलं, म्हातारपणी माणूस मऊ होतं.

बाई पंधरा वर्षं पडद्यावर रडल्या. मग कामं सोडली आणि दुसऱ्या एका दिग्दर्शकाच्या हाताखाली सहाय्यक म्हणून राहिल्या. गुळाच्या व्यापारातल्या एका जैन घराण्यातले गृहस्थ त्यांच्या पहिल्या सिनेमाच्या पाठीशी उभे राहिले. स्टुडिओत टवाळी झालीच. "हिरोईन कॅमेऱ्यामागं गेली, आता कॅमेरामननं नऊवारी नेसायची काय?" बाई म्हणाल्या, "नेस की. तुला शोभंल." आणि कामाला लागल्या.

त्यांच्या सेटवर एक रीत होती. तिला सगळे 'सांगणं' म्हणत. शॉटच्या आधी, दिवे लागल्यावर, सगळ्या युनिटसमोर बाई नटाला काय होणार ते मोठ्यानं सांगत. "आता हा तुझा हात धरणार. मनगटाला, इथं. तीन पावलं ओढणार. मग सोडणार. चालेल?" समोरचं माणूस 'चालेल' म्हणालं की मगच कॅमेरा. समोर लहान मूल असलं तरी हेच. खोटा मार, अंगावर ओतायचं पाणी, मागून येणारा आवाज, सगळं आधी सांगून. टवाळ म्हणायचे, "बाईंचं कीर्तन चाललंय, तोवर आम्ही बुक्का लावून येतो." नट कुरकुरायचे, आधीच कळल्यावर तोंडावर काय येणार? बाई म्हणायच्या, जे येईल ते तुझं असेल.

पहिला सिनेमा चालला, दुसरा बरा गेला, तिसरा पडला. पुरुषाचे पाच पडले तरी त्याला सहावा मिळतो. बाईंना चौथा मिळाला नाही. त्यांना मिळालं ते मालिकेतल्या आईचं काम. आणि मालिकेत आईनं काय करायचं असतं? रडायचं. हे मी चिडून लिहितेय आणि इथं माझं चिडणं बरोबर आहे.

तर त्या पहिल्याच भेटीत, वीसहून जास्त वर्षं कॅमेऱ्यामागं न गेलेल्या बाईंना मी काजूच्या बायकांवरच्या सिनेमाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"केवढा?"

"चाळीस मिनिटं."

"सांगणं करू देणार? वेळ जातोय त्यात."

"सिनेमा तुमचा आहे, बाई."

"मग येतो. हा शेवटचा. गुडघे आता परत उभं राहू देणार न्हाईत."

त्या चंदगडला एसटीनं आल्या. आम्ही जीप पाठवत होतो, ती नको म्हणाल्या. तीन दिवस कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर बसून सुटून येणाऱ्या बायका बघितल्या आणि चौथ्या दिवशी आक्काकडं बोट केलं. आक्का म्हणजे आमच्या संघटनेतलीच. चाळिशीची, वीस वर्षं त्याच कारखान्यात, नवरा गोव्यात कामाला, एक मुलगी बारावीला. कमी बोलायची. मला ती 'ताई' म्हणायची आणि वयानं मोठी असून 'तुमी' म्हणायची. मी तिला आक्का म्हणायचे आणि तिच्या चुलीपुढं बसून हक्कानं जेवायचे. मुकादमानं तिला आठ दिवसांची रजा दिली, पण वर बजावलं, "सिनेमात आपल्या कारखान्याचं नाव आलं तर बघ."

शूटिंग सुरू झालं आणि सांगणंही. पहिल्या दिवशी आक्काला हसू आवरेना. "अवो बाई, माज्याच घरात मी पानी आनायला जानार, ते काय मला सांगतायसा?" बाई शांतपणे म्हणाल्या, "घर तुझं. पण कॅमेरा माझा हाय ना." तिसऱ्या दिवसापर्यंत आक्का स्वतःच थांबायला लागली. "सांगनं झालं न्हाय अजून," म्हणायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

भांडण झालं ते शेवटच्या शॉटवरून. बाईंच्या वहीत लिहिलं होतं, ती घरी येते, अंगणात राखेनं हात धुते. बस.

"आणि रडते," मी म्हणाले.

"कशाला?"

"लोक रडल्याशिवाय उठत नाहीत, बाई."

"रडून झालं की लोक घरी जातात. मला विचार."

मला ते पटलं नाही. हा सिनेमा अधिकाऱ्यांना, मालकांना दाखवायचा होता. हातमोजे त्यावर ठरणार होते. आणि बाईंचं काय? त्यांचा शेवटचा सिनेमा, आणि शेवट काय, तर एक बाई हात धुते! मला खात्री होती की लोक जांभया देतील.

शेवटच्या दिवशी बाईंचा गुडघा सुजला. आक्काच्या अंगणात कॅमेरा लागला होता आणि शेजारी खुर्चीवर बाई बसल्या होत्या. तिथं चारच्या सुमाराला डोंगराची सावली अंगणात उतरते, त्याच्या आत शॉट व्हायला हवा होता. आक्का गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होती.

"आजचं सांगणं तू कर," बाई मला म्हणाल्या. "ती तुझी हाय. एवढंच सांग, हात धुवायचे, मी कट म्हणेपर्यंत धुवायचे. आणि इथं आणून सगळ्यांसमोर सांग."

मी गोठ्यात गेले. तिथंच म्हणाले, "आक्का, मुकादमाचा निरोप आलाय. तुला कामावरनं काढलंय. सिनेमात काम केलंस म्हणून."

वैरणीची पेंढी तिच्या हातात तशीच राहिली. "खरं?"

"खरं," मी म्हणाले. "चल, उजेड जातोय."

माझा बेत सोपा होता. शॉट होईल, पाच मिनिटांत मी खरं सांगेन, आक्का माझ्या पाठीत धपाटा घालेल, आणि सगळे मिळून चहा पिऊ. खोटी बातमी उठली की नोकरी वाढते, असं काहीतरी मी म्हणणार होते. खरंच. ते वाक्यसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

आक्का अंगणात येऊन दगडावर बसली. बाईंनी माझ्याकडं बघितलं, सांगणं झालं का म्हणून. मी मान डोलावली. उजेड जात होता, म्हणून सगळ्यांसमोर झालं नाही हे त्यांनी त्या एका वेळी चालवून घेतलं. कॅमेरा सुरू झाला. आक्कानं राख घेतली आणि हात चोळायला लागली. एकेक बोट. अंगठ्याचा जळका भाग. मग परत पहिल्यापासून. पाणी ओतलं, परत राख घेतली. काळं काही जात नव्हतं, ते जाणारच नव्हतं. मग तिनं दोन्ही तळवे समोर धरले आणि बघत राहिली, जणू हे हात कुणीतरी तिच्याकडं सांभाळायला देऊन गेलंय. चेहरा वर आला. तोंड वाकडं न होता नुसते डोळे भरले आणि वाहायला लागले. बाई कट म्हणेचनात. सावली आक्काच्या पायापर्यंत आली तेव्हा कुठं म्हणाल्या.

"पोरी," त्यांनी माझं मनगट धरलं, "असा शॉट मी आयुष्यात घेतला नव्हता."  मी फुगले. कॅमेरामन परत परत तो तुकडा लावत होता आणि आम्ही सगळे डोकी घालून बघत होतो. त्यात किती वेळ गेला कळलं नाही. मग मी सांगायला म्हणून वळले, तर दगडावर आक्का नव्हती. घरात नव्हती, गोठ्यात नव्हती. शेजारीण म्हणाली, "आत्ता एस्टीला चढली की. पदर खोचून गेलीया." त्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. पुढची गाडी तासाभरानं होती.

कारखान्यात काय झालं ते मला नंतर बायकांनी सांगितलं. पाळी सुटत होती. आक्का थेट मुकादमासमोर उभी राहिली आणि बोलली. आयुष्यात कधी बोलली नव्हती एवढं बोलली. अंगठा भाजला त्या दिवशी त्यानं कपडा बांधून परत यंत्रावर बसवलं होतं ते. मुलगी पोटात असताना पोती उचलायला लावलेली ते. शिव्या. संडासला जाताना वेळ बघत दारात उभं राहणं. मुकादम आधी चक्रावला.

"अगं, पन तुला काढलंय कुनी?"

तिला वाटलं, आता हा घाबरून मागं सरतोय. ती आणखी बोलली. चाळीस बायका ऐकत होत्या. मुकादमाला तोंड राखायला एकच गोष्ट उरली.

"काढलं नव्हतं," तो म्हणाला. "आता काढलं. चल नीघ."

मी पोचले तेव्हा ती फाटकाबाहेरच्या मोरीवर बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती दोनदा "व्हय?" म्हणाली. मग विचारलं, "आनि तुला पायजे हुतं ते घावलं का?"

त्या दिवसापासून ती मला 'तू' म्हणते.

परत येईपर्यंत दिवेलागण झाली होती. बाई ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्याला ओली पट्टी. मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी पट्टी काढली, पिळली, परत घातली.

"मावशीनंतर तू," एवढंच म्हणाल्या.

सकाळी त्यांनी आम्हा दोघींना घेऊन कारखाना गाठला. मालक पिढीजात व्यापारी घरातले, मुकादमाशी कानडीत, आमच्याशी मराठीत बोलणारे, आवाज कधी न चढवणारे. बाईंना बघून लगबगीनं उठले, खुर्ची पुसून दिली. "बाई! तुमचा तो तारेचा सीन! आमच्या मातोश्री दोन दिवस जेवल्या नव्हत्या."

"त्याच कामाला आलोय," बाई म्हणाल्या. "तुमच्या बायकांना जरा बाहेर बोलवा." मग माझ्याकडं वळल्या. "सांग. काल राहिलेलं सांगणं आज कर."

मी अंगणात उभी राहिले. याच बायकांना मी तीन वर्षं पत्रकं वाटली होती. 'खोटेपणा बंद करा' असं एका पत्रकाचं नाव होतं. मी सांगितलं. कुणी ओरडलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे ताई, तुमी बी मुकादमच की." दोघी-तिघी हसल्या. मुकादमही हसला, आणि त्याला हसायचा पूर्ण हक्क होता.

मालकांनी तोडगा काढला. "झालं ते झालं. बाई स्वतः आल्या म्हणून. हिनं मुकादमाची माफी मागावी आणि उद्यापासून यावं."

सगळे आक्काकडं बघायला लागले. मी मनात म्हणत होते, माग. माग की. एक शब्द.

"माफी कशाची?" आक्का म्हणाली. "हिनं मला खोटं सांगितलं. मी ह्याला खोटं सांगितलं न्हाय."

तिथं विषय संपला. मालकांनी हात जोडून बाईंना निरोप दिला. आक्का आता सीमेपलीकडच्या एका कारखान्यात जाते. दोन एसट्या बदलाव्या लागतात, घरातून अंधारात निघते. ती ते कधी बोलून दाखवत नाही.

पंधरा दिवसांनी बाईंनी तिला कोल्हापूरला बोलावून घेतलं. खाली शिलाई मशीनचा आवाज चालू होता. बाईंनी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.

"बघ. मला हा शॉट पायजे. खोटं कशाला बोलू, फार पायजे. म्हणून ठरवणार मी न्हाय. तू ठरव."

आक्कानं स्वतःला रडताना बघितलं. एकदाच. परत लावू का विचारलं तर नको म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"हात ऱ्हाऊ द्यात," ती म्हणाली. "हात मी धुतले. तोंड काढा. ते रडं हिनं काढल्यालं हाय, माजं न्हवं."

बाईंनी डोळे मिटले, उघडले. "चालेल," म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्याकडून घेतलेला शब्द त्यांनी त्या दिवशी स्वतः दिला. आणि माझ्यासमोर आक्काचा हात धरून, तिच्याच बोटानं तो तोंडाचा तुकडा कायमचा पुसला.

"आनि जिथं जिथं दावशील," आक्का मला म्हणाली, "तिथं आधी उठून सांगायचं. ह्यो शेवट असा का तुटला ते."

म्हणून मी सांगते. सहा गावांत सांगितलं. सिनेमा संपला की कुणीतरी म्हणतंच, शेवट अर्धवट वाटतो. तळवे समोर येतात आणि पडदा काळा होतो. आक्काच्या जुन्या कारखान्यात हातमोजे आले. सिनेमामुळं आले असं मी पत्रकात लिहिलं नाही. आक्का त्या संध्याकाळी बोलली त्यामुळं आले, असं तिथल्या बायका म्हणतात.

मग कोल्हापुरात सिनेमा दाखवला. छोटा हॉल, भरलेला. निम्मे लोक तारेच्या सीनवाल्या बाईंना बघायला आले होते. बाई स्टेजवर माझ्या शेजारी बसल्या. आक्का दुसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. सिनेमाच्या आधी मी उभी राहिले आणि सांगितलं. एव्हाना मला ते चांगलं जमायला लागलं होतं. पहिल्या ओळीत माणूस, शेवटी मागणी. कुठं थांबायचं ते माहीत होतं, कुठं लोक सुस्कारा टाकतात ते माहीत होतं. मी संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"एक ऱ्हायलं," आक्का म्हणाली.

ती उभी राहिली होती. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"मी तुला दोनदा इचारलं. खरं का म्हनून. दुसऱ्यांदा इचारलं तवा तू गळ्याला हात लावलास. गळ्याशपत म्हनालीस. माज्या पोरीच्या गळ्याशपत."

खरं होतं. मी स्वतःची शपथ घेतली असती तर तिला पटलं नसतं, हे मला गोठ्यात उभ्या उभ्या सुचलं होतं. कारखान्याच्या अंगणात मी हे गाळलं. बाईंपुढं गाळलं. सहा गावांत गाळलं. वर गोठ्यातलं लिहिताना मी 'खरं' एवढंच लिहिलंय. ते तसंच ठेवलंय, गाळलेलं कसं दिसतं ते तुम्हांला कळावं म्हणून.

बाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांनाही हे आजच कळत होतं.  सिनेमा लावायला उठलेल्या माणसाला बाईंनी हातानं थांबवलं.

"दिवे राहू देत," त्या म्हणाल्या. "सांगणं झालं न्हाय अजून."

आक्का अजून उभीच होती. मी तिच्याकडं बघून पहिल्यापासून सुरुवात केली.